वाचता न आलेल्या जागा

"ज्योत्स्ना, पुन्हा अडकलंय," रुखसाना मॅडम फोनवर म्हणाल्या. "आज नुसतं हळू नाही. पडदाच गोठलाय. एका पेशंटचं नाव उघडायला पोवार पाच मिनिटं बसलाय."

"आले," म्हटलं आणि चहा तसाच टाकून उठले.

मंगळवार होता, सकाळचे दहा वाजत आले होते. आमचं कर्करोग रुग्णालय जिल्ह्याच्या गावापासून आठ किलोमीटरवर, साखर कारखान्याच्या रस्त्याला. रेडिएशनचं एकच मशीन, आणि आजूबाजूच्या चार तालुक्यांतली माणसं त्यावर अवलंबून. लोक या उपचाराला 'शेक' म्हणायचे. शेक घ्यायला रोज बेचाळीस जण येत. प्रत्येकाला किरण कुठल्या कोनातून, किती रुंदीचा, किती वेळ द्यायचा याचा आराखडा रुखसाना मुजावर मॅडम तयार करत. त्या आमच्या मेडिकल फिजिसिस्ट. ते सगळे आराखडे एका सर्व्हरवर असत, आणि तो सर्व्हर सांभाळायचं काम माझं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. संगणकाचं कळणारी त्या इमारतीत मी एकटीच.

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता. दार उघडलं आणि आधी आवाजच कानावर आला. टक्, टक्, मग बारीक घरघर, मग पुन्हा टक्, टक्. डिस्कचा आवाज. आतली सुई एका जागी जाते, वाचायचा प्रयत्न करते, जमत नाही म्हणून परत येते आणि पुन्हा तिथेच जाते, तेव्हा असा आवाज येतो.

पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत होती. सगळ्या ओळींत एकच आकडा. डिस्कवरची एक जागा वाचता येत नव्हती. सिस्टिमने एकदोनदा प्रयत्न करावा आणि सरळ सांगावं की ही जागा गेली, बाकीचं घ्या. आमची सिस्टिम तसं करत नव्हती. ती त्याच जागेवर अडून बसली होती, आणि तिच्या मागे बाकीची सगळी कामं खोळंबली होती.

डॉ. सबनीस दारात येऊन उभे राहिले. विभागप्रमुख. उंच, कपाळावर कायम आठी.

"बाहेर तीस माणसं बसली आहेत, ज्योत्स्ना. निम्मी एसटीने आलेली. काही उपाशीपोटी आहेत. किती वेळ?"

"बघतेय, सर."

"बघू नकोस, चालू कर."

मी बटण दाबून धरलं आणि सर्व्हर बंद केला. पुन्हा चालू केला. आपण सगळेच हेच करतो. उठता उठता सिस्टिमने डिस्क तपासायला घेतली आणि प्रश्न विचारायला लागली. हा भाग वाचता येत नाही, काढून टाकू? या नोंदीचा मालक सापडत नाही, पुसू? एक, दोन, पाच, नऊ. सबनीस सर मागे घड्याळ बघत होते. सगळ्या प्रश्नांना एकदम 'हो' म्हणायची सोय असते. मी ती वापरली.

वीस मिनिटांनी सर्व्हर उठला. टकटक थांबली होती. मशीन चालवणाऱ्या पोवारने वरून ओरडून सांगितलं, "उघडलं!"

"शाबास," सर म्हणाले आणि गेले.

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. सगळ्याला एकदम 'हो' म्हणाले, पण कशाला? ते मी वाचलंच नव्हतं. मग यादी काढली. तपासणीत काय काय पुसलं त्याची नोंद सिस्टिम ठेवते. बरंचसं किरकोळ होतं. पण खाली चार फायली अशा होत्या की त्यांच्या नावात पेशंटचे नंबर होते, आणि चारही नावांच्या शेवटी 'दोन' होता.

'दोन' म्हणजे दुसरा आराखडा. उपचार चालू असताना गाठ आकसते, माणूस वाळतो, आणि पहिलं माप चालेनासं होतं. मग मॅडम नव्याने आखणी करतात. आमच्या प्रोग्रामची एक खोड मला माहीत होती. नवा आराखडा सापडला नाही, तर तो तक्रार करत नसे. गुपचूप जुना उघडत असे.

मी नंबर वहीत शोधले. तिघांना आज दुपारच्या वेळा दिलेल्या होत्या. चौथा नंबर सोजरबाई खिलारे यांचा. घसा. सकाळी साडेदहा.

घड्याळात दहा पन्नास झाले होते.

वरचा फोन लावला. एंगेज. मग मी पळत सुटले. जिना, कॉरिडॉर, बाकांवर बसलेली माणसं, त्यांचे पाय, पाण्याच्या बाटल्या. कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, हळू!" रेडिएशनच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. म्हणजे आत किरण चालू.

पोवार कळफलकापाशी बसला होता. समोरच्या छोट्या टीव्हीवर आतलं दिसत होतं. टेबलावर झोपलेली एक बारीक बाई, तोंडावर जाळीचा मुखवटा, मुखवटा टेबलाला पक्का केलेला.

"कोण आहे आत?"

"खिलारेबाई. डावीकडून झालं, आता उजवीकडून—"

भिंतीवर लाल बटण होतं. तीन वर्षांत कुणी ते दाबलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तळहाताने दाबलं. भोंगा वाजला, दिवा विझला, मशीनची घरघर बसली.

पोवार ताडकन उठला. "काय केलंत?"

"मॅडमना बोलवा. आणि त्यांचा कागद कुठे आहे?"

प्रत्येक पेशंटची एक कागदी फाइल असे आणि तिच्यात आराखड्याची छापील प्रत. पडद्यावरचे आकडे त्या प्रतीशी ताडून मगच किरण सोडायचा, असा नियम होता. त्या सकाळी एक तास उशीर झालेला, बाहेर गर्दी, आणि पोवारने तो ताळा केला नव्हता. फाइल त्याच्या कोपराखाली बंद पडलेली होती.

रुखसाना मॅडम आल्या. त्यांनी फाइल उघडली, एक बोट कागदावर ठेवलं, दुसरं पडद्यावर. कागदावर रुंदी साडेआठ. पडद्यावर अकरा.

त्यांनी विचारलं, "कुठलं झालं?"

"डावं," पोवार म्हणाला.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आधी त्यांना मोकळं करा," मॅडम म्हणाल्या. "मुखवटा काढा. घाबरल्या असतील."

नंतर मला कळलं ते असं. गेल्या गुरुवारी नवा आराखडा केला, तो सोजरबाईंचा पाठीचा कणा वाचवण्यासाठी. त्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला जितकं सोसतं तितकं पहिल्या पंधरा दिवसांतच देऊन झालं होतं. पुढचे सगळे किरण त्याला टाळून जायला हवे होते. आणि आज जुन्या मापाने एक पूर्ण किरण त्यावरून गेला होता.

मॅडम कागद घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून हिशेब करत बसल्या. सबनीस सर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "ठीक. ते चार पेशंट बाजूला ठेव. बाकीचे चालू दे."

"नाही सर. सर्व्हर बंद करायला हवा. आत्ता."

"का? चाललाय ना आता?"

"चाललाय म्हणूनच भीती आहे, सर. बंद पडला असता तर आपल्याला कळलं असतं. आता तो जे दाखवतोय ते खरं की नाही, हे मला सांगता येत नाही. डिस्क मरतेय. जितकी चालेल तितकी आणखी जाईल."

"बॅकअप असेल की."

मॅडम हिशेब करत होत्या तेवढ्यात तो मी बघून आले होते. दर रविवारी होत असे. परवाचा बॅकअप त्याच खराब जागेपाशी येऊन अर्धवट थांबला होता, आणि तसं कुणाला कळलं नव्हतं. त्याआधीचा नऊ दिवस जुना.

"नऊ दिवसांत पाच आराखडे नवे झालेत," मी म्हणाले. "ते फक्त या डिस्कवर आहेत."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर सावलीत माणसं बसली होती. "शेक मधेच तुटला तर गाठ पुन्हा उसळी घेते, हे तुला माहीत आहे का? एक दिवस गेला तरी फरक पडतो. काही जणांना हा एक दिवस परवडणारा नाही."

"माहीत आहे सर."

"आणि तरी म्हणतेस बंद कर."

मी मान हलवली.

दार उघडून मॅडम आल्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. "बंद करू दे तिला," त्या म्हणाल्या. "ज्यांचे छापील कागद पूर्ण आहेत त्यांचे आकडे मी हाताने मशीनमध्ये भरते. पोवार वाचेल, मी भरेन, मग मी वाचेन, तो तपासेल. प्रत्येकी पाच मिनिटं जास्त लागतील. पण माणसं रिकामी परत जाणार नाहीत."

"जेवण?" सरांनी विचारलं.

"आज नाही."

सोजरबाईंबद्दल सरांनी नजरेनेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मर्यादेच्या आत आहे. जेमतेम. पुढच्या दिवसांत थोडं कमी करून सांभाळता येईल. दुसरा किरणही पूर्ण गेला असता तर मी हे म्हणू शकले नसते."

मी खाली गेले आणि सर्व्हर बंद केला. डिस्क बाहेर काढली, तेव्हा ती हाताला चांगलीच तापलेली लागली. माझ्या टेबलावरच्या संगणकाला ती जोडली, शेजारी नवी कोरी डिस्क, आणि वर टेबलफॅन लावला. एक प्रोग्राम माझ्याकडे होता. तो प्रत अगदी वेगळ्या रीतीने काढतो. जिथे अडेल तिथे थांबत नाही. ती जागा लिहून ठेवतो, उडी मारून पुढे जातो, आणि आधी जे धड आहे ते सगळं उचलतो. अडलेल्या जागांकडे वळतो तो सगळ्यात शेवटी, छोट्या छोट्या तुकड्यांत, कधी पुढून, कधी मागून.

आकडा चढू लागला. वीस टक्के. चाळीस. मधेच टक्, टक्, पण आकडा पुढे जाई. एक वाजता शहाण्णव टक्के झाले. धड होतं ते सगळं हाती आलं. उरल्या एक्केचाळीस जागा.

आता प्रोग्राम त्या एकेका जागेशी झटत होता, आणि मला करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून सिस्टिमच्या जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. हे सुरू कधी झालं ते बघायचं होतं. कालच्या नोंदी, परवाच्या, गेल्या आठवड्यातल्या. मागे मागे जात राहिले.

अकरा आठवड्यांपूर्वीची एक ओळ सापडली. ती मी दोनदा वाचली.

आमच्या सर्व्हरमध्ये खरं तर दोन डिस्क होत्या. सगळा मजकूर दोन्हींवर सारखाच लिहिला जायचा, एक गेली तरी दुसरी असावी म्हणून. पहिली डिस्क अकरा आठवड्यांपूर्वीच गेली होती. सिस्टिमने तिला बाजूला काढलं होतं, नोंद केली होती, मला मेल पाठवला होता. त्या दिवसापासून रोज एक मेल. आणि सर्व्हर पिप्, पिप् असा वाजायला लागला होता.

ती पिप् मला आठवली. जिन्याशेजारीच सबनीस सरांची खोली. सर म्हणाले होते, "अगं, ते किरकिरणं बंद कर आधी. पेशंटशी बोलता येत नाही." मी झाकण उघडून त्या छोट्या भोंग्याची वायर काढली होती. का वाजतोय ते उद्या बघू, म्हणून. दुसऱ्या दिवशी इमारतीची वीज गेली, मग यूपीएसचं काम निघालं, मग दिवाळी. सर्व्हरचे मेल इतके येत, खोलीचं तापमान, कागद संपला, हे आणि ते, की मी ते सगळे एका वेगळ्या कप्प्यात आपोआप जातील असं करून ठेवलं होतं. तो कप्पा उघडला. न वाचलेले सातशे तीस.

सिस्टिम बोलत होती. अकरा आठवडे रोज बोलत होती. मी तिचं तोंड बांधलं होतं.

टेबलफॅन फिरत होता. मी कितीतरी वेळ त्या सातशे तीस या आकड्याकडे बघत बसले. मग भानावर आले, कारण डिस्कचा आवाज बदलला होता. एक लांबलचक ओरखड्यासारखा आवाज, आणि मग काहीच नाही. चार वाजून वीस मिनिटं. डिस्क संपली.

एक्केचाळीसपैकी तेहतीस जागा वाचून झाल्या होत्या. प्रत उघडून पुसलेल्या फायली हुडकल्या. चारपैकी तीन आराखडे पूर्ण मिळाले. चौथा अर्धा होता, मध्येच तुटलेला. तो सोजरबाईंचा. सकाळी घाईने 'हो' म्हटलं नसतं, डिस्क तेव्हाच बाहेर काढली असती, तर कदाचित तोही मिळाला असता. कदाचित नसताही. हे मला कधीच कळणार नाही.

मॅडमना सांगितलं. सकाळपासून त्यांनी अठ्ठावीस जणांचे आकडे हाताने भरले होते. डोळे लाल झाले होते. "स्कॅनची सीडी आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पुन्हा आखते. छापील कागदाशी जुळला की झालं."

साडेपाचला सरांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. घडलेल्या चुकीचा अहवाल लिहायचा होता. सर स्वतः लिहीत होते आणि मोठ्याने वाचत होते. "हार्ड डिस्कमधील अचानक उद्भवलेल्या तांत्रिक बिघाडामुळे..."

"सर, अचानक नाही," मी म्हणाले.

त्यांनी पेन थांबवलं.

मी सांगितलं. पहिली डिस्क, पिप्, वायर, सातशे तीस मेल, सगळ्या प्रश्नांना न वाचता 'हो'. सांगताना पोवारकडे बघवत नव्हतं, कारण सकाळपासून तो सगळा दोष आपलाच समजून वाळत चालला होता. नोकरी गेली हे मी मनात धरूनच चालले होते.

सरांनी लिहिलेली ओळ खोडली.

"ते किरकिरणं बंद कर, असं मीच म्हटलं होतं," ते म्हणाले. "का वाजतंय ते विचारलं नाही. तेही लिहायला पाहिजे." आणि त्यांनी लिहिलं.

"पेशंटला कोण सांगणार?" मॅडमनी विचारलं.

सर म्हणाले, "मर्यादेत आहे म्हणालात ना? मग उगीच घाबरवायचं कशाला?"

"त्यांच्या अंगावरून गेलंय, सर. आपल्या नाही."

मी उठले. "मी सांगते."

"चल, मीही येते," मॅडम म्हणाल्या.

पुढचं सगळं नीट झालं, हे इथेच सांगून टाकते. नव्या आराखड्याने सोजरबाईंचे तीसही दिवस पूर्ण झाले, आणि पुढची सहा वर्षं त्या तपासणीला येत होत्या. माझी नोकरी राहिली. दुसऱ्याच आठवड्यात मी सर्व्हरची मांडणी बदलली. डिस्कवर पहिली चूक दिसली की नवं लिहिणं बंद, आराखडा सापडला नाही तर जुना उघडायचा नाही, आणि भोंगा थेट मॅडमच्या खोलीत. त्यानंतर तो दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा आम्ही काम थांबवलं. आज मी दुसरीकडे आहे, मोठमोठे सर्व्हर सांभाळते. माझ्या हाताखालची मुलं कधी विचारतात की मॅडम, एवढ्याशा चुकीवर सगळं थांबवायचं कशाला. तेव्हा मी त्यांना तांत्रिक कारणं देते. ही संध्याकाळ सांगत नाही.

त्या संध्याकाळी सोजरबाई आणि त्यांचे यजमान गेनबा बाहेरच्या बाकावर बसून होते. सकाळपासून त्यांना थांबवून ठेवलं होतं आणि का ते कुणी धड सांगितलं नव्हतं. बाईंच्या गळ्यावरची कातडी काळवंडलेली, आवाज जवळजवळ गेलेला. त्या खुणेनेच बोलत. गेनबा सत्तरीचे, डोक्याला पटका, मांडीवर डबा.

मॅडमनी सोप्या शब्दांत सांगितलं. आज एक शेक चुकीच्या मापाने गेला. धोका टळलाय. पुढे कमी करून सांभाळू. मानेत, हातापायांत मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं.

मग मी बोलले. "चूक माझी आहे. मशीन बिघडत चाललंय हे ते मला सांगत होतं. मी ऐकलं नाही."

सोजरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. राग होता की नाही मला कळलं नाही. त्यांनी हात वर करून गळ्याला लावला, मग मानेच्या मागे, जिथून तो किरण गेला होता तिथे, आणि तिथेच ठेवला.

गेनबांनी डबा खाली ठेवला. "बाई," ते म्हणाले, "आमी हितं येतो, ती टेबलावर निजती, दार लागतं. आत काय हुतंय ते आमाला दिसत न्हाई. आज तुमी आला नसता सांगायला, तर आमाला कसं कळलं असतं?"

"कळलं नसतं," मी म्हणाले.

"कदीच?"

"कधीच नाही."

ते मान खाली घालून बसले. शेवटी सोजरबाईंनी नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं. इतकं हळू, की मला ऐकू आलं नाही.

गेनबा उठले. "ती इचारती," ते म्हणाले, "उद्या किती वाजता यायचं. आन् दार लावायच्या आदी तुमी तितं उबं ऱ्हाल का?"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी तिथे उभी होते. फाइल उघडी, पडदा समोर. पोवारने आकडा वाचला, मी कागदावर बोट ठेवून वाचला, आणि मग सोजरबाईंनी टेबलावरूनच हात हलवून खूण केली. लावा दार.